स्टेअरिंगचा दिवा लागला म्हणून कॉलम बदलू नका

कासारवडवलीहून रोज ऐरोलीला गाडीने ऑफिसला जाणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. गाडी सात वर्षं जुनी हॅचबॅक. पावसाळा सुरू झाल्यापासून तीनदा असं झालं, की सकाळी गाडी सुरू केल्यावर डॅशबोर्डवर स्टेअरिंगच्या चित्राशेजारी उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा लागला आणि स्टेअरिंग दगडासारखं झालं. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की सगळं ठीक, संध्याकाळी घरी येईपर्यंत काही तक्रार नाही. वर्कशॉपवाल्याने पाच मिनिटांत सांगून टाकलं, इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगचा अख्खा कॉलम (चाकाखालचा दांडा, त्यावरच्या मोटरसकट) बदला, अडतीस हजार. ताई विचारतात: "काका, घोडबंदर रोडवर चालत्या गाडीत हे लॉक झालं तर? ही मोटर नेमकं करते तरी काय? आणि कॉलम बदलू का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. एवढ्याशा तपासणीवर तरी बदलू नका. वागळे इस्टेटमध्ये सव्वीस वर्षं मी गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतोय. स्टेअरिंगचा दिवा लागतो म्हणून ज्या गाड्या माझ्याकडे येतात, त्यांत कॉलम खरोखरच गेलेला असतो अशा थोड्या. बाकीच्यांचं दुखणं बॅटरीत, अर्थिंगमध्ये (करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परततो ती वाट), उंदराने कुरतडलेल्या वायरीत, नाहीतर विजेशी काडीचा संबंध नसलेल्या एखाद्या गंजक्या सांध्यात निघतं. तुमची हकीगत तर आधी कुठे बघायचं ते बोट दाखवून सांगते आहे. पण ते पटायला हे यंत्र कसं चालतं ते समजून घ्यावं लागेल, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

आधी लॉक होण्याची भीती काढून टाकू. तुमच्या हातातलं चाक आणि रस्त्यावरची चाकं यांच्यामध्ये सलग लोखंड आहे. चाकाखाली कॉलम, कॉलमच्या टोकाला दोन युनिव्हर्सल जॉइंट असलेला मधला शाफ्ट, तो पेडलांच्या मागून खाली इंजिनाच्या बाजूला उतरतो. तिथे पिनियन नावाचं छोटं दातेरी चाक रॅकच्या दांड्याला डावीउजवीकडे सरकवतं आणि रॅकच्या दोन टोकांचे टाय रॉड पुढची चाकं वळवतात. मोटर या साखळीची कडी नाही. ती बाजूला उभी राहून हात लावते. ती गप्प बसली तरी साखळी शाबूत राहते.

यावर एखादा जाणकार विचारेल, मोटर कॉलमला जोडलेली असते वर्म गिअरने, आणि साधा वर्म गिअर एकाच बाजूने चालतो. वर्म चाकाला फिरवतो, चाक वर्मला फिरवू शकत नाही. मग मोटर बंद पडली की स्टेअरिंग जाम व्हायला हवं! बरोबर शंका आहे. म्हणूनच स्टेअरिंगच्या वर्मचे आटे मुद्दाम तिरके, मोठ्या कोनात कापलेले असतात, म्हणजे तुमचा हात उलट मोटरलाही फिरवू शकतो. शिवाय मोटर बाहेरून फिरवली की ती जनरेटर होते, आणि तिच्या वायरी आतून जुळलेल्या राहिल्या तर ब्रेकसारखा विरोध करते. म्हणून कंट्रोल युनिटमध्ये, म्हणजे मोटर चालवणाऱ्या छोट्या संगणकात, मोटरची जोडणीच तोडणारा रिले किंवा स्विच ठेवलेला असतो. गडबड जाणवली की युनिट मोटरला वेगळं काढतं, दिवा लावतं आणि गाडी तुमच्या मनगटावर सोपवतं. गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ २६२६२ नावाचं जागतिक मानक आहे. त्यात धोक्याची सगळ्यात वरची पायरी 'एएसआयएल डी', आणि मोटरने मनाने स्टेअरिंग ओढणं हा धोका त्या पायरीवर मोजतात. मदत बंद होणं परवडलं, चुकीची मदत नको, असा त्यामागचा हिशेब.

लोक ज्याला 'लॉक झालं' म्हणतात तो बहुतेक वेळा चावीचा लॉक असतो. घाटात पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणारे महाभाग अजून भेटतात. इंजिन बंद झालं की स्टेअरिंगची मदत गेली, ब्रेकचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपला, आणि चावी मागे फिरवून बाहेर काढली तर कॉलममधली खुंटी खाचेत बसून स्टेअरिंग खरंच अडकलं. त्यात मोटरचा काही दोष नाही.

मात्र जड होणं हा प्रकार हसण्यावारी न्यायचा नाही. उभ्या गाडीत, टायर जागच्या जागी डांबरावर घासत वळवायला सगळ्यात जास्त जोर लागतो. मदत असताना तुमच्या गाडीत चाकाच्या कडेला दोनेक किलोची ओढ पुरते, मदत नसताना दहा-बारा किलो लागते. गाडी सरकायला लागली की हा जोर झपाट्याने कमी होतो, आणि पंचवीस-तीसच्या वेगाला धडधाकट माणसाला ती चालवता येते. जोर कमी-जास्त लागणं निभावून नेता येतं, दचका बसतो तो वाईट. माजिवड्याच्या पुलाखाली वळण घेताना मधेच मदत गेली, तर हात जितका फिरवायचा तितका फिरत नाही आणि गाडी वळणाच्या बाहेर जाते. तसं झालं तर दोन्ही हातांनी चाक धरून जोराने वळण पूर्ण करायचं आणि मग कडेला घ्यायची. वळणात असताना इंजिन बंद-चालू करायला जाऊ नका.

आता मोटर काय करते ते. पद्मिनी आणि अँबॅसेडर चालवलेल्या माणसांना आठवत असेल, चाक परातीएवढं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्यांवर फेरे. जोर कमी लागावा म्हणून फेरे जास्त, एवढंच त्यातलं शास्त्र. तिकडे अमेरिकेत १९५१ साली क्रायस्लरच्या इंपीरियल गाडीत तेलाच्या दाबावर चालणारं पॉवर स्टेअरिंग बाजारात आलं. पट्ट्यावर फिरणारा पंप, तेलाची टाकी, दाबाचे होज. ते आपल्याकडच्या मोठ्या गाड्यांत अजूनही दिसतं. काम उत्तम, पण तुम्ही सरळ जा नाहीतर सिग्नलला उभे राहा, पंप इंजिनाच्या जोरावर फिरतच राहतो. होज झिरपतात, सील जातात, टाकीत कोणीतरी भलतंच तेल ओततं. विजेवरचं स्टेअरिंग १९८८ मध्ये सुझुकीच्या सर्वो या छोट्या जपानी गाडीत आलं. छोट्या गाडीचं इंजिनही छोटं, त्याला पंपाचं ओझं सोसवत नाही, म्हणून सुरुवात तिथून झाली. मग हळूहळू मोठ्या गाड्या आल्या. हॅरिअर आणि सफारी तर २०२३ च्या बदलात तेलावरून विजेवर आल्या.

गंमत अशी की दोन्ही पद्धतींचं हृदय एकच आहे, टॉर्शन बार. माझ्या बाकावर एक जुना उघडलेला कॉलम कायम पडलेला असतो, नव्या पोरांना शिकवायला. त्यात वरचा शाफ्ट आणि खालचा शाफ्ट एकमेकांना थेट जोडलेले नाहीत. मधे करंगळीहून बारीक पोलादी दांडी आहे, दोन्ही टोकांना पिनने ठोकलेली. खालचा शाफ्ट शिकंज्यात धरून वरचा हाताने पिळला की ही दांडी दोन-तीन अंश पीळ खाते आणि सोडल्यावर परत येते. त्यापेक्षा जास्त पिळू गेलात तर दोन्ही शाफ्टांच्या खाचा एकमेकींना टेकतात आणि पुढे लोखंडावर लोखंड, म्हणजे दांडी तुटायचं भय नाही. हा दोन-तीन अंशांचा पीळ हीच तुमच्या हाताची भाषा. तेलाच्या पद्धतीत तो पीळ झडप उघडायचा, आता तो सेन्सर वाचतो.

सेन्सर म्हणजे चुंबकाची कडी आणि तिच्यासमोर हॉल आयसी, म्हणजे चुंबकीय क्षेत्र ओळखणारी चिप. दांडी पिळली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि व्होल्टेज बदलतं. बऱ्याच गाड्यांत दोन सिग्नल निघतात, हात सैल असताना दोन्ही अडीच-अडीच व्होल्ट. उजवीकडे जोर लावला की एक चढतो, दुसरा तेवढाच उतरतो, बेरीज कायम पाच. बेरीज चुकली की युनिटला कळतं, दोघांपैकी एक खोटं बोलतोय. कोण ते शोधत बसायचं नाही, मदत बंद. (नव्या गाड्यांत हा संवाद डिजिटल झालाय, एकमेकांवर पाळत ठेवायची रीत तीच.)

युनिट दुसरी गोष्ट विचारतं ती गाडीचा वेग. तो एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटकडून वायरीवरून येतो. हाताचा जोर आणि वेग या दोन्हींवरून युनिटच्या स्मृतीत कोष्टक असतं, आपल्या पाढ्यांसारखं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शून्याच्या आसपास वेग, मग भरपूर मदत. पामबीच रोडवर ऐंशीला मदत अगदी थोडी, नाहीतर शिंक आली तरी गाडी लेन बदलेल. बहुतेक गाड्यांत तिसरी अट असते, इंजिन चालू हवं. चावी 'ऑन' करून स्टेअरिंग फिरवलं आणि जड लागलं म्हणून घाबरून फोन करणारे असतात, त्यांना मी म्हणतो, आधी सेल्फ मारा.

मग युनिट मोटरला करंट सोडतं. जुन्या गाड्यांत कार्बन ब्रशची मोटर, नव्यांत ब्रश नसलेली, तीन फेजची. तुमच्यासारख्या गाडीत मोटर कॉलमवरच, डॅशबोर्डच्या आत, तुमच्या गुडघ्यांच्या वर असते. वर्म पोलादी, पण तो ज्या चाकाला फिरवतो त्याचे दात नायलॉनचे, कारण लोखंडावर लोखंड खडखडलं असतं आणि तो आवाज थेट तुमच्या मांडीवर आला असता. तुम्ही चाक एक फेरा फिरवता तेव्हा मोटर पंधरा-वीस फेरे फिरलेली असते.

नुसता जोर वाढवणं सोपं आहे, अवघड काम वेगळंच आहे. मोटरचं वजन, गिअरचं घर्षण हे सगळं आता तुमच्या हाताला चिकटलं. वळण संपल्यावर चाक आपोआप सरळ यायला हवं, ते या घर्षणामुळे अर्ध्यात रेंगाळतं. म्हणून युनिट परत येतानाही मोटरला हलका धक्का देतं, आणि जास्त वेगात उलट थोडा अडसर घालतं, म्हणजे चाक थरथरत नाही. सगळी अक्कल या बेरीज-वजाबाकीत आहे. एकाच गाडीच्या दोन मॉडेलांचं स्टेअरिंग हाताला वेगळं लागतं, तेव्हा लोखंड बहुधा तेच असतं, आकडे बदललेले असतात.

मोठ्या एसयूव्हींत मोटर खाली पिनियनवर किंवा थेट रॅकवर असते. समोरचं वजन जास्त, तेवढा जोर कॉलमच्या शाफ्टमधून खाली पाठवणं बरोबर नाही. त्यांचा हाताला येणारा अंदाज मला तरी जास्त चांगला वाटतो. पण मोटर जमिनीजवळ आली की पाणीही जवळ आलं. रॅकच्या टोकांचे रबरी बूट फाटले आणि वंदना टॉकीजसमोरच्या तळ्यातून गाडी काढली, की पाणी आत जातं, स्क्रूचे आटे गंजतात, आणि मग मात्र बिल खरोखरच मोठं येतं. तो बूट काहीशे रुपयांचा असतो. पावसाळ्याआधी गाडी वर घ्याल तेव्हा मिस्त्रीला टॉर्च मारून बूट बघायला सांगा.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. पार्किंगमध्ये जोर लागतो तेव्हा ही मोटर पन्नासेक अँपिअर ओढू शकते. बारा व्होल्टला पन्नास म्हणजे सहाशे वॅट, घरचा मिक्सर साडेसातशेचा असतो. सरळ रस्त्यावर हेच एक-दोन अँपिअरवर येतं. सेल्फची मोटर सोडली तर गाडीत एवढा करंट एका दमात मागणारं दुसरं फारसं काही नाही. त्यात सकाळी इंजिन नुकतंच सुरू झालेलं, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) अजून सावरतोय, बाहेर पाऊस म्हणून वायपर, काचेवर धुकं म्हणून एसी आणि मागचा डिफॉगर, आणि तुम्ही स्टिल्टखालच्या खांबांमधून चाक पूर्ण वळवून गाडी काढताय. व्होल्टेज कोसळलं की युनिट म्हणतं, मला नऊ-दहा व्होल्टही मिळत नाहीत, माझा माझ्यावरच भरवसा नाही. दिवा लावतं आणि बाजूला होतं. अशा बऱ्याच चुका चावी बंद करेपर्यंत धरून ठेवायची युनिटची पद्धत असते, त्यामुळे गाडी बंद करून चालू केली की कोरी पाटी. तोवर बॅटरी थोडी भरलेली, मग दिवसभर काही नाही. सकाळीच होतं, पावसात होतं, पुन्हा चालू केलं की जातं: तुमची तिन्ही लक्षणं सप्लायकडे बोट दाखवतात. टॉर्क सेन्सर (दांडीचा पीळ वाचणारा तो सेन्सर) किंवा मोटरचे ब्रश गेले असते, तर तुमच्या ऑफिसच्या वेळेशी त्यांना काय देणंघेणं? ते ऐरोलीच्या पुलावरही गेले असते.

गेल्या वर्षी श्रावणात सानपाड्याचे एक गृहस्थ असंच घेऊन आले होते. त्यांना एका ठिकाणी कॉलम सांगितला होता, दुसऱ्या ठिकाणी नवी बॅटरी टाकूनही झाली होती, दिवा होताच. मी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावली, दुसरी स्टेअरिंग युनिटच्या अर्थच्या वायरीला. इंजिन चालू, आणि हेल्परला म्हटलं, उभ्या गाडीत चाक फिरव. ही दोन टोकं एकच असायला हवीत, मीटरवर ०.१ व्होल्टच्या आसपास यायला हवं. आलं १.४. बॅटरीच्या ट्रेखाली अर्थचा बोल्ट बॉडीला लागतो, तो उघडला तर वॉशरखाली पांढरी-हिरवी भुकटी. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, नवा वॉशर, बोल्ट कसला, वरून पेट्रोलियम जेली. पुन्हा मोजलं, ०.०६. तीनशे रुपये घेतले. चहा त्यांनीच पाजला.

यातली खोच अशी, की तोच सांधा मीटर ओहमवर, म्हणजे अडथळा मोजायच्या खुणेवर, ठेवून मोजला असता तर ठीकच दिसला असता. तीस मिलिओहमचा अडथळा साध्या मीटरला दिसत नाही. पण त्यातून पन्नास अँपिअर गेले की दीड व्होल्ट तिथेच जळतो. म्हणून बिघाड शोधायचा तो ओझं देऊन, बंद गाडीत नव्हे. खाडीकाठची आपली हवा, त्यात चार महिने पाऊस, ठाण्यात आणि नवी मुंबईत अर्थिंगचे बोल्ट पुण्यापेक्षा लवकर खातात, हे मी माझ्या हातांनी पाहिलंय.

तेव्हा माझ्या हाताला आली तर तुमची गाडी या क्रमाने बघेन. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरी १२.५ च्या आसपास आहे का, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाते का, इंजिन चालू असताना चौदाच्या जवळ येते का. मग टर्मिनल हाताने हलवून बघेन. हे फार साधं वाटतं, पण दसऱ्याला नवा हॉर्न, दिवाळीला ॲम्प्लिफायर असं करत करत त्या एका टर्मिनलवर चार-चार वायरी लटकवलेल्या असतात, आणि क्लॅम्प अर्धाच बसलेला. बॅटरीजवळच्या फ्यूजबॉक्समध्ये स्टेअरिंगचा मोठा फ्यूज असतो, साठ-ऐंशी अँपिअरचा, बहुधा नटाने कसलेला. तो नट सैल पडला की तापतो आणि आजूबाजूचं प्लास्टिक तपकिरी होतं, ते डोळ्यांनी दिसतं. त्यानंतर अर्थ, वर सांगितला तसा.

आणि स्कॅनर, म्हणजे युनिटने नोंदवलेल्या चुका वाचणारं यंत्र. तुमच्या वर्कशॉपने कोड सांगितलाच नाही, हे मला सगळ्यात खटकलं. दिवा लागला म्हणजे युनिटने कोड लिहून ठेवलाय. कोड 'सी' अक्षराने सुरू होत असेल तर चासीचा, म्हणजे स्टेअरिंग, ब्रेक वगैरे. 'यू'ने सुरू होत असेल तर दोन युनिटांमधलं बोलणं तुटलंय. यू०१३१ म्हणजे स्टेअरिंगच्या युनिटशी संपर्क नाही, तो वायर, सॉकेट किंवा सप्लायचाही दोष असू शकतो. वेग न मिळाल्याचा कोड असेल तर एबीएसच्या चाकाजवळच्या सेन्सरची वायर बघायची. पावसाळ्यात सोसायट्यांमधले उंदीर उबेला बॉनेटखाली येतात आणि त्यांना काय आवडेल सांगता येत नाही. दिवा लागला त्या वेळी युनिटने लिहिलेलं व्होल्टेजही बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवर दिसतं. तिथे ८.७ असं दिसलं की चर्चाच संपली.

समजा दिवा लागतच नाही आणि तरी स्टेअरिंग जड आहे, तर विजेकडे बघूही नका. आधी टायरची हवा. मग पुढची चाकं जॅकवर उचलायची, इंजिन बंद ठेवायचं आणि स्टेअरिंग हाताने फिरवायचं. एका फेऱ्यात दोन ठिकाणी अडखळतंय? मधल्या शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट गंजलाय. सगळीकडे सारखंच जड आहे? टाय रॉड सोडवून पुन्हा बघायचं. हलकं झालं तर दोष चाकाच्या बाजूला, बहुधा शॉक ॲब्सॉर्बरच्या डोक्यावरचं बेअरिंग जाम. वळणानंतर चाक सरळ येत नसेल तरी संशय आधी तिथेच. विजेवरच्या स्टेअरिंगची हीच खोड मला आवडत नाही, ते खालच्या लोखंडाची कुरकुर स्वतः गिळतं. पूर्वी बॉल जॉइंट सुकायला लागला की हाताला कळायचं. आता मोटर दोन अँपिअर जास्त खाते, तुम्हाला पत्ता नाही, आणि कळतं तेव्हा जॉइंट कामातून गेलेला असतो. मेट्रोच्या कामात घोडबंदर रोडची जी चाळण झाली, त्या काळात असे जॉइंट मी किती बदलले त्याची गणती नाही.

आवाजाचंही थोडं सांगतो, कारण कॉलम बदलायचं दुसरं निमित्त ते असतं. खड्ड्यातून जाताना किंवा चाक डावीउजवीकडे हलवताना बारीक टक-टक येत असेल, तर काही गाड्यांत मोटर आणि वर्म यांच्यामध्ये रबराचं छोटं कपलिंग असतं, ते चुरलेलं असतं. वस्तू बिस्किटाएवढी, काम दोन-तीन तासांचं. पण ते उघडता येणारा माणूस हवा. मोटर काढली आहे तर नायलॉनच्या दातांना हाताशी असलेलं कुठलंही ग्रीस थापू नये.

कॉलम खरंच बदलावा लागला तर बसवून झाल्यावर तो शिकवावा लागतो. चाकं सरळ ठेवून, चाकावरून हात काढून, स्कॅनरने टॉर्क सेन्सरचं शून्य आणि कोनाच्या सेन्सरचं मधलं ठिकाण युनिटला सांगायचं. एका गाडीला कोणीतरी जुन्या बाजारातून आणलेला कॉलम नुसता बोल्ट मारून बसवला होता. मालक तीनदा अलाइनमेंट करून दमले, गाडी डावीकडेच जायची. टायर ठीक, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) ठीक. स्कॅनर लावला तर हात न लावता सेन्सर सांगतोय, डावीकडे जोर आहे. मोटर बिचारी आज्ञाधारक, डावीकडे मदत करतेय! वीस मिनिटांत शून्य बसवलं, गाडी सरळ.

हाच सेन्सर आता दुसऱ्या कामालाही लागलाय. लेन पाळणाऱ्या नव्या गाड्यांत कॅमेरा बघतो आणि वळवते हीच मोटर. तुमचे हात चाकावर आहेत की नाही, हे पुष्कळ गाड्यांत ओळखलं जातं ते याच दांडीच्या पिळावरून. अटल सेतूच्या २१.८ किलोमीटरमध्ये कंटाळा येतो म्हणून चाकाला पाण्याची बाटली अडकवून सेन्सरला फसवणारे शहाणे मला माहीत आहेत. परदेशात तर चाक आणि रॅकमधला दांडाच काढून टाकलेल्या गाड्या विकल्या जातात, टेस्लाची सायबरट्रक त्यांतली. त्यांत सगळं दुहेरी ठेवावं लागतं, कारण मनगटावर सोपवायला खाली लोखंडच नाही. तुमच्या गाडीत आहे.

एक सवय मात्र आजच बदला. पार्किंगमध्ये चाक पूर्ण टोकाला नेऊन तिथेच दाबून धरू नका. मोटर फिरत नाही, करंट मात्र पूर्ण खाते आणि तापते. तापली की युनिट हळूहळू मदत कमी करतं, बऱ्याचदा दिवाही लागत नाही. पाच-सात वेळा मागेपुढे करून अरुंद जागेत गाडी घालणाऱ्यांना शेवटी स्टेअरिंग जड लागतं ते यामुळे, निवलं की पूर्ववत होतं. गाडी बोटभर सरकती ठेवून चाक वळवलं तर मोटरचे आणि टायरचे दोघांचेही हाल वाचतात.

तर ताई, उद्या सकाळी सेल्फ मारताना एसी आणि डिफॉगर बंद ठेवा, इंजिन अर्धा मिनिट चालू द्या, मग चाक वळवा. दिवा लागला नाही तर संशय आणखी पक्का. मग जवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाऊन वर सांगितलेली दोन मापं घ्यायला लावा, बॅटरी सेल्फ मारताना आणि अर्थ चाक फिरवताना. वर्कशॉपकडे कोड कागदावर मागा, पुसण्याआधी. बॅटरीच्या डोक्यावर किंवा कडेला महिना-वर्ष ठोकलेलं असतं, तेही बघून ठेवा. चार वर्षांहून जुनी निघाली तर मला मापं न कळवताही बदलून टाका.